बावीस सुपांची यादी

मी चौथीपर्यंत शिकलो. गल्लीतल्या बाकीच्यांपेक्षा दोन इयत्ता जास्त, म्हणून यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. शेठने बोलावून सांगितलं, "बायकांची नावं लिहून आण, आखाजीच्या सकाळी." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. मी लिहिली. त्यात मी जे केलं ते इथे सांगतो. बायको जाऊन आता दुसरं वर्ष सरत आलं. तिच्याजवळ कबूल करायला पाहिजे होतं. ते झालं नाही.

आमची मिल डाळीची. जळगावात अशा पुष्कळ आहेत. मी आत भरडायच्या रोलवर तूर सोडायचो, बायको बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये निवडणीला बसायची. डाळीतला खडा, काळा दाणा, किडका दाणा हाताने वेचायचा. भिंतीवर खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्यावर एक सूप. सकाळी बायकांनी सूप काढायचं, संध्याकाळी तिथेच टांगायचं. मुनीम बायका मोजायचाच नाही, सुपं मोजायचा. बावीस सुपं, बावीस मजुऱ्या.

पण बायका बावीस नव्हत्या. कोणी बाळंत झाली, कोणाची सासू अंथरुणाला खिळली, की तिच्या सुपावर तिची जाऊ नाहीतर शेजारीण बसायची. मजुरी सुपाच्या नावावर लागायची, घरी आल्यावर दोघी वाटून घ्यायच्या. मुनीमला हे माहीत होतं, शेठलाही असणार. डाळ साफ निघत होती, मग विचारतो कोण?

माझ्या बायकोच्या सुपावर अशीच एक होती. साक्री तालुक्यातली, पिंपळनेरकडची. नवरा तरणाच मेला आणि ती पिंप्राळ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आली. आमची मुलगी जन्मली तेव्हा ती पहिल्यांदा सुपावर बसली, मग उठलीच नाही. आठवड्यातले तीन दिवस ही, तीन दिवस ती. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन सुरतेला गेली, तरी यांचं तसंच चालू. आम्ही सगळे तिला पिंपळनेरवाली म्हणायचो.

मग डाळ निवडणारं कॅमेऱ्याचं यंत्र आलं. दोन ट्रक भरून आलं, बरोबर हिंदी बोलणारा इंजिनीअर. त्याला नमुने पाहिजे होते. कोणता दाणा ठेवायचा, कोणता फेकायचा, ते यंत्राला आधी दाखवावं लागतं म्हणे. शेठने माझ्या बायकोकडे बोट केलं. तिची नजर सगळ्यांत पक्की. तीन दिवस तिने ढीग लावले. चांगला, काळा, जळका, किडका, खडा. इंजिनीअरला वाटलं झालं एवढंच. तिने आणखी एक ढीग लावला. तो दाणा दिसायला डागाळलेला, पण शिजायला चांगला. तो फेकायचा नाही, असं तिने त्याला चार वेळा सांगितलं. तो डोकं खाजवत होता. शेवटी त्याने तोही ढीग कॅमेऱ्यापुढे धरला.

चौथ्या दिवशी यंत्र चालू केलं. वरून डाळ पडते, खाली हवेचा फटकारा बसतो आणि काळा दाणा बाजूला उडतो. बावीस सुपांचं दिवसाचं काम चहा होईपर्यंत उरकलं. बायकोने खालून मूठभर डाळ घेतली, तळहातावर पसरून बराच वेळ बघितली. त्यात काढण्यासारखं काही नव्हतं. तिने शेठकडे मान वळवली.

"शेठ, मन्ही नजर भरी लिधी तुम्ही यामा. मंग मन्हा पगार कोठे गया?"

शेठ हसला. मी तिला डोळ्यांनी दटावलं. माझी नोकरी त्याच शेठकडे होती, आणि यंत्रावर कोणाला ठेवायचं ते अजून ठरायचं होतं.

आठ दिवसांत खिळ्यांवरची सुपं उतरवली. बायका घरी बसल्या. यंत्रावर मला ठेवलं. बायको पहाटे उठायची. मला डबा करून द्यायची, मी जायचो, तिच्या नजरेने निवडलेली डाळ पोत्यात पडताना बघायचो.

शेठ मारवाडी, जुना माणूस. आखाजीला तेही आखातीज म्हणून मानतात. आखाजीच्या चार दिवस आधी त्याने मला गादीवर बोलावलं. मुलगा शेजारी बसला होता, मोबाइल उलटासुलटा करत.

"तुझ्या बायकोचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही," शेठ म्हणाला. "हे यंत्र चालेल तोवर निवडणीच्या बायकांना दर महिन्याला घरी पैसे पोचवीन. किराणा भरेल एवढे. कामाला यायचं नाही, झाडू मारायला यायचं नाही. काही विचारणार नाही."

"बाबूजी, बावीस म्हणजे बावीस," मुलगा मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "तेविसावं नाव दिसलं की कागद फाडायचा."

"बावीस," शेठ म्हणाला.

मला आधी हे पटेना. मी जन्मभर घाम गाळून खाल्लेला माणूस. काम न करता पैसे, हे कानाला कसंतरीच लागलं. मग माझा बाप आठवला. तो सोनगीरला सालदार होता. आखाजीला साल ठरायचं आणि वर्षभराचे दाणे बोलले जायचे. झडीत आठ-आठ दिवस शेतात पाय टाकता यायचा नाही, तरी दाणे कमी होत नव्हते. बाप आजारी पडला त्या वर्षीही पायली घरी आली. तेव्हा कोणी त्याला फुकट खातो म्हटलं नाही. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग तसंच, सगळ्यांचं साल बांधलं म्हणायचं. खूश होती. अशी खूश ती पुन्हा मला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती धुळ्याला माहेरी गेली. आखाजीला आमच्याकडच्या बाया माहेरी जातातच, वय कितीही होवो. बसमध्ये चढताना तिने सुपावर दोघी आहेत याची आठवण दिली, "आपला सुपवर दोन नावं शेत. ध्यान ठेवा."

मी वही घेऊन ओट्यावर बसलो आणि गल्ली माझ्यावर तुटून पडली. सुपाप्रमाणे बावीस नावं लिहून होत नाहीत तोच एक आली, म्हणे माझ्या जावेचं लिहा, दोन वर्षं तीच बसत होती. लगेच दुसरी बोलली, "तुन्ही जाऊ महिनामा दोन दिन येस, आन् आते तिन्हं नाव?" पहिलीने तिच्या नणंदेला काढलं. नणंदेने हिच्या नवऱ्याची दारू काढली. शेडमध्ये वीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलेल्या बायका, तंबाखूची चिमूट एकमेकींच्या हातावरून उचलणाऱ्या. तिसऱ्या दिवशी त्या नळावर एकमेकींशी बोलत नव्हत्या. माझ्या वहीत सदतीस नावं झाली होती.

मुनीम येऊन सांगून गेला, "धाकटे शेठ फाडायलाच बसलेत. त्यांना निमित्त देऊ नकोस."

मग मी नवा कागद घेतला. एक सूप, एक नाव. प्रत्येक सुपाला दोन नावं लिहिली असती तर सगळ्यांचं गेलं असतं, हे खरं. पण आमच्या घरच्या सुपावर दोघींतली एक निवडताना मी क्षणभरही थांबलो नाही, हेही खरं. पिंपळनेरवालीला मागेपुढे कोणी नाही, तिला कितीसं लागतं, असं मी मनाशी म्हटलं. ती आमच्यातली नाही, हेही मनात होतं. ती त्या तीन दिवसांत माझ्या ओट्यावर आलीच नाही. मला ते सोयीचंच झालं.

संध्याकाळी धुळ्याहून फोन आला.

"तिन्हं नाव लिखं ना?" बायको म्हणाली.

"लिहिलं."

मग तिने विचारलं, "कितवं?"

"तेविसावं," मी म्हणालो. पटकन तोंडातून गेलं. शेठ बावीसच घेणार, हे मीच तिला सांगितलेलं. तिने फोन ठेवून दिला.

आखाजीची सकाळ. मिलच्या आवारात शेठने पूजा मांडली होती. बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या, एकवीस जणी. पिंपळनेरवाली फाटकाबाहेर उभी होती. बघायला आली असेल, किंवा कोणी ओढून आणली असेल. मी कागद शेठच्या हातात दिला. मुनीमने चष्मा लावला आणि पहिलं नाव घेतलं.

तेवढ्यात फाटकातून माझी बायको आत आली. खांद्याला पिशवी, डोक्याला पदर गुंडाळलेला, पारोळ्याच्या रस्त्याची धूळ तोंडावर. आखाजीच्या दिवशी माहेर सोडून आलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. तिने फाटकाबाहेरच्या पिंपळनेरवालीचा हात धरला आणि तिला आत घेऊन आली.

"शेठ, मन्हा सुपवर दोन जनी व्हतूत. कागदवर एकच शे."

मुलगा उठून उभा राहिला. "बघा बाबूजी. म्हटलं होतं ना?"

"अक्का, एकीला घेतलं तर मागून पंधरा येतील," शेठ म्हणाला.

"येऊ द्या. त्या काय दुसरा गावन्या शेत? बठ्ठासले द्या. थोडं थोडं द्या, पन बठ्ठासले."

"सगळ्यांना? काम न केलेल्यांनाही?" मुलगा म्हणाला.

"तुमनं यंत्र कोनलेच काम करू देवाव नही. मंग केलं आन् नही केलं कसाले मोजतस?"

इथे बायकांना कंठ फुटला. शेठवर नाही, हिच्यावर. "अक्का, आमना घास कसाले काढस?" यादीत पहिलं नाव जिचं होतं ती रडायलाच लागली. "तुमना घरमा नोकरी शे, तुमले काय व्हस बोलाले?" खरं होतं ते. एकीने तिला खांद्याला धरून मागे ढकललं. पिशवी खाली पडली. शेठने मुनीमकडून कागद परत घेतला. मुलाने तो घ्यायला हात पुढे केला. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "शेठ, हिचं डोकं फिरलंय, तुम्ही वाचा पुढे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. ती शेठला म्हणाली, "बावीसच ना? मंग मन्हं काढा आन् तिन्हं लिखा."

पिंपळनेरवाली हात सोडवायला बघत होती, नको नको म्हणत होती. बायकोने सोडला नाही.

शेठने कागद माझ्यापुढे धरला. "तू लिहिलंस, तूच खोड."

मी पेन घेतलं. मला वाटलं, आता ती घाबरेल, नको म्हणेल. ती पेनाच्या टोकाकडे बघत राहिली. मी रागाने रेघ मारली, कागद फाटेपर्यंत. मग खाली दुसरं नाव लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. पिंपळनेरवालीचं नाव मला माहीतच नव्हतं. वीसच्या वर वर्षं एका भिंतीला भिंत, तिच्या हातचं मी जेवलेलो, आणि मला सगळ्यांदेखत विचारावं लागलं, "नाव काय तुझं?" तिने सांगितलं. मुनीमला ऐकू गेलं नाही म्हणून तिला दोनदा सांगावं लागलं.

घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही. घरी आल्यावर तिने पितरांची घागर भरली, माझ्याच बापाच्या नावाने. मी म्हणालो, "स्वतःचं नाव खोडायला लावलंस."

"खोडं तुम्ही," ती म्हणाली. "मी फक्त सांगं."

पैसे सुरू झाले. पहिल्याच महिन्यात पिंपळनेरवाली आली, पदराची गाठ सोडली आणि निम्मे बायकोपुढे ठेवले. मी म्हटलं, घेऊ नकोस. बायकोने घेतले. आढेवेढे नाहीत, उपकार नाहीत. मजुरी वाटून घ्यायच्या तशाच, भिंतीला टेकून, बोलता बोलता. गल्लीत आणखी काही घरांत हळूहळू तसंच सुरू झालं, काही घरांत नाही झालं. जिथे झालं नाही तिथे जावा-जावांची तोंडं आजही फिरलेली आहेत.

मी त्या पैशांच्या किराण्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. वर्षभर टिकलो. मग यंत्राला असं काही बसवलं की धाकटे शेठ घरात बसून मोबाइलवर ते बघतील, कमीजास्त करतील. माझी गरज राहिली नाही. मला शाल दिली, नारळ दिला. दुसऱ्या महिन्यापासून घरात चूल पेटायची ती त्या निम्म्या पैशांवर. जिचं नाव मी गाळलं तिचंच मी खात होतो. बायकोने एकदाही ते बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

तिच्या पोटात गाठ निघाली. धुळ्याला तिचा भाऊ होता म्हणून तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. उशीर झाला होता असं डॉक्टर म्हणाले. मी हिशोब करत बसायचो, की तिचं नाव खोडलं नसतं तर आधी दाखवलं असतं का. एक दिवस वाटायचं हो, एक दिवस वाटायचं नाही. दुखत होतं तेच तिने सांगितलं नव्हतं, तर पैशाने काय झालं असतं? आणि सांगितलं नव्हतं ते पैसे नव्हते म्हणूनच, असंही असेल. मला कोणी सांगू शकत नाही. ती गेली. दहाव्याला गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या, तिला ढकलणारीसुद्धा. ती सगळ्यांत जास्त रडली.

पुढच्या महिन्यात पिंपळनेरवाली पुन्हा दारात. निम्मे पैसे ओट्यावर ठेवले.

मी म्हटलं, "आता कशाला? सुपावर ती होती. माझं काय त्यात?"

"सूप नही व्हतं तुमनं," ती म्हणाली. "पोट ते शे ना?"

भाकरी तव्यावर होती, ती करपली.

मागल्या दिवाळीनंतर शेठही गेला. आता नवं यंत्र येतंय. त्याला नमुन्याचे ढीगही लागत नाहीत म्हणे, ते शिकूनच येतं. पोती भरायचं, थप्पी लावायचं यंत्रही बरोबर येणार, म्हणजे हमालही गेले. जुनं यंत्र भंगारात. बाबूजींचा शब्द त्या यंत्रापुरता होता, असं धाकट्या शेठने सांगितलं, आणि दोन महिने झाले, पैसे बंद आहेत. बायका रोज फाटकावर जाऊन उभ्या राहतात. शेवटी त्याने मला बोलावलं.

"दहा जणींना देतो. खरोखर गरजू असतील त्यांना. आखाजीपर्यंत तुम्ही यादी करून द्या, आबा. तुम्हाला गल्ली माहीत."

"मी नाही लिहिणार," मी म्हणालो. "द्यायचे तर गल्लीतल्या प्रत्येक दाराला दे, हमालांनाही दे. कमी दे."

"सगळ्यांना कुठून आणू? मी सरकार आहे का?"

"मग सरकारला सांग. तू यंत्र आणतोस, ते तुझ्याकडून घेईल आणि आम्हाला देईल."

तो हसला नाही, हे सांगितलं पाहिजे. कपाळ चोळत बसला. "आबा, ते होईल तेव्हा होईल. मी दहा म्हणतोय. तेही नको असेल तर कोणालाच नाही."

त्याच आठवड्यात एक शिकलेली मुलगी कसल्या तरी संस्थेकडून गल्लीत आली होती. तिच्याकडून कळलं, की मोठमोठ्या ठिकाणी याच्यावर चर्चा चालते. यंत्रं कामं घेत असतील तर प्रत्येक माणसाला दर महिन्याला ठराविक रक्कम द्यावी, काम असो नसो, गरीब असो नसो. तिने मला विचारलं, "आबा, आळशी माणसालाही द्यावी का?" मी म्हटलं, "दे. आळशी कोण ते ठरवायला बसलीस की तू संपलीस. मी बसलो होतो." तिने ते लिहून घेतलं. तिला काय कळलं असेल कोण जाणे.

आखाजीला आता आठ दिवस आहेत. मी नकार दिला हे गल्लीत कळलं आणि आज दुपारी सगळ्या माझ्या ओट्यावर. "आबा, अक्कानं वारं लागनं का तुमले?" "दहा ते दहा, कोनी ते जगी!" एक म्हणाली, माझं पहिलं लिहा, माझी सून बाळंतपणाला आलीय. दुसरी म्हणाली, हिच्या मुलाची रिक्षा आहे, ही कसली गरजू? पुन्हा तेच सुरू झालं. पिंपळनेरवाली मागे भिंतीला टेकून बसली होती.

मी आतून वही आणली, पेन आणलं आणि मध्ये ठेवलं.

"लिहा," मी म्हणालो. "दहा नावं तुम्हीच लिहा. पण आधी गाळायची ती लिहा. जिला गाळाल तिच्याकडे बघून, तिचं नाव मोठ्याने घेऊन."

पेनाला कोणी हात लावला नाही. मग एकीने ते उचललं, समोरच्या बाईकडे बघितलं आणि खाली ठेवलं. सुनेचं बाळंतपण असलेली माझ्यावर भडकली, "मंग आते काय करानं? सांगा ना!" मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. म्हटलं, आखाजीला मी कोऱ्या वहीसकट मिलच्या फाटकावर जाणार आहे. तो कोणालाच देणार नसेल तर तेही ऐकून येईन. ज्यांना यायचं त्यांनी या.

कोणी हो म्हणालं नाही. कोणी उठून गेलंही नाही. हे लिहितोय तेव्हा ऊन भिंतीवर चढलंय आणि त्या बाहेरच बसल्या आहेत, वही मध्ये ठेवून.